गच्चीवरच्या पाण्याच्या मीटरला हिरवा डोळा

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बारा मीटर ओळीनं बसलेत. टाकीतून निघालेली एकेका फ्लॅटची लाइन आपापल्या मीटरमधून खाली उतरते. ते बसवले तेव्हा सोसायटीत ठरलं, दर महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी वर जाऊन आकडे लिहून आणायचे. ‘कुणीतरी’ म्हणजे मी, असं ठरावात लिहिलेलं नव्हतं. पण मी सातपूरच्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, पुढे अंबडच्या एका कंपनीत अकरा वर्षं सोल्डरिंगच्या लाइनवर काढलेली, त्यामुळे बिल्डिंगमधली डोअरबेलपासून मिक्सरपर्यंत सगळी आजारी माणसं माझ्याच दारात येतात. मीटरही आले.

एका महिन्यात आमच्याच फ्लॅटचा आकडा ४५ घनमीटर आला. घरात माणसं चार. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे महिन्याला १६ घनमीटरच्या आसपास व्हायला हवं. सासूबाई म्हणाल्या, “मीटर खोटं बोलतंय.” नवऱ्यानं माझ्या भांडी घासण्यावर शंका घेतली. महिन्यातून एकदा वाचलेल्या आकड्यावरून दोघांनाही खोटं पाडता येईना. पाणी रोज थोडं जास्त जातंय की एखाद्या दिवशी खूप गेलं, दिवसा जातंय की रात्री, हे त्या एका आकड्यात कुठेच नसतं.

पल्स देणारे, म्हणजे ठरावीक पाणी गेलं की तारेवर एक विजेचा इशारा पाठवणारे मीटर बाजारात मिळतात. पण त्यासाठी चालू मीटर काढा, प्लंबर बोलवा, सोसायटीची परवानगी घ्या. मी ठरवलं, आहे त्याच मीटरला बाहेरून डोळा लावायचा. जुळवाजुळवीत तीन रविवार गेले. त्यातले दोन चुकीच्या दिशेनं गेले, तेही सांगते, म्हणजे तुमचे वाचतील.

आधी एक गोष्ट. हे तुमच्या स्वतःच्या किंवा सोसायटीच्या सबमीटरसाठी आहे. महापालिकेच्या कनेक्शनवरच्या मीटरला हात लावू नका, सील तर मुळीच तोडू नका. सबमीटरचंही सील मी तोडलं नाही. सगळं काम काचेच्या वरून होतं.

तबकडी नीट वाचा

साध्या १५ मिलिमीटरच्या घरगुती मीटरवर काळे आकडे घनमीटरचे असतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. त्याखाली लहान लहान गोल असतात, त्यात लाल काटे. प्रत्येक गोलाशेजारी गुणिले ०.१, गुणिले ०.०१ असं छापलेलं असतं. गुणिले ०.०००१ लिहिलेला काटा आपल्या कामाचा. त्याचा एक आकडा म्हणजे ०.१ लिटर, पूर्ण फेरी म्हणजे बरोबर १ लिटर. त्याच्या आधीच्या काट्याची फेरी १० लिटरची. काही मीटरना शेवटचा गोलच नसतो, तिथे १० लिटरच्या काट्यावर समाधान मानावं लागतं. तबकडीच्या मध्याजवळ एक छोटं चांदणीसारखं चाक असतं, ते थेंबभर पाण्यानंही गरगरतं. त्याची एक फेरी किती पाण्याची हे कुठे लिहिलेलं नसतं. मोह होतो त्यालाच धरायचा, मलाही झाला. पण ज्याचा हिशेब छापलेला आहे तो काटा धरलेला बरा.

आता वेग पाहा. या मापाच्या मीटरचा कमाल प्रवाह तासाला ३ घनमीटर, म्हणजे मिनिटाला ५० लिटर. तेवढ्यावरही लिटरचा काटा एका फेरीला १.२ सेकंद घेतो. घरातली तोटी मिनिटाला १० लिटर सोडत असेल तर एका फेरीला सहा सेकंद. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत ही मुंगीची चाल आहे, फार वेगवान काही घ्यायची गरजच नाही. उलट हळू असण्यानंच मला रडवलं. ते पुढे येईलच.

लाल काटा आणि अदृश्य उजेड

पहिल्या रविवारी मी एमजी रोडवरून टीसीआरटी ५००० चं तयार मोड्यूल आणलं. इन्फ्रारेड उजेड टाकणारा एलईडी आणि परतलेला उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर शेजारी शेजारी, वर तो उजेड एका ठरलेल्या हद्दीशी ताडून बघणारा एलएम ३९३ चा कंपॅरेटर आणि ती हद्द बदलायला पिळायचा एक प्रीसेट. रेषेवरून चालणाऱ्या शाळकरी रोबोंना लावतात तेच. काचेवर धरलं, प्रीसेट पिळला, काटा फिरला आणि काहीही झालं नाही. वर धरा, खाली धरा, तिरकं धरा, आकडा जवळपास तोच. प्रीसेट इतका पिळला की त्याचा स्क्रू सैल झाला.

कारण साधं होतं, आणि अकरा वर्षांच्या अनुभवानंतरही ते सुचायला मला संध्याकाळ झाली. लाल रंग हिरवा-निळा उजेड गिळतो आणि लाल उजेड परत पाठवतो. टीसीआरटी ५००० चा उजेड ९५० नॅनोमीटरचा, लालच्याही पलीकडचा. त्या उजेडात लाल प्लास्टिक जवळजवळ पांढरंच दिसतं. पांढऱ्या तबकडीवर पांढरा काटा, दिसणार काय? शिवाय हे सेन्सर दोन-अडीच मिलिमीटरवर सगळ्यात चांगलं बघतात, आणि मीटरची काच व तिच्याखालची पोकळी मिळून काटा त्याहून बराच खोल असतो. तुमच्या मीटरचा काटा काळा असेल तर इन्फ्रारेड चालून जाऊ शकतो. लालला नाही.

खात्री करायची असेल तर रात्री मोबाईलच्या टॉर्चवर हिरवा जिलेटिन कागद दोन-तीन पदर लावा आणि मीटरवर धरा. काटे काळे ठिक्कर दिसतील. मला ते दिसलं तेव्हा मी गच्चीवर एकटीच हसले. वॉचमन काका खालून टॉर्च मारून बघून गेले.

म्हणजे उजेड हिरवा हवा आणि हिरवं बघणारा डोळा हवा. काळ्या कवचाचे फोटोट्रान्झिस्टर इथे कामाचे नाहीत, ते कवचच दिसणारा उजेड अडवतं. आपला जुना एलडीआर, म्हणजे उजेड वाढला की विरोध कमी होणारा रेझिस्टर, मात्र माणसाच्या डोळ्यासारखाच हिरव्याला सगळ्यात जास्त ओळखतो. तो मंद आहे, उजेड बदलल्यावर सावरायला वीस-तीस मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त घेतो, म्हणून हल्ली त्याला कुणी विचारत नाही. आपल्या मुंगीच्या चालीला तो पुरून उरतो.

काय काय लागतं

५ मिलिमीटरचा एलडीआर एक. पारदर्शक डोक्याचा हिरवा एलईडी एक, हिरव्या कवचाचा अंधुक वाला नको. ४७० ओहमचा रेझिस्टर एलईडीला. ४७ के (किलो-ओहम) चा एक रेझिस्टर, पण तो घाईनं घेऊ नका, का ते पुढे सांगते. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ईएसपी ८२६६ चा नोडएमसीयू बोर्ड (मोजणी करणारा, वायफाय असलेला छोटा कॉम्प्युटर), जुना मोबाईल चार्जर, चार कोअरची टेलिफोन वायर. काळी हीट श्रिंक स्लीव्ह. एक जाड प्लास्टिकचं झाकण, मीटरची काच पूर्ण झाकेल एवढं. आणि सायकलची जुनी ट्यूब. बोर्ड सोडला तर सगळं मिळून एका मिसळ-पावाच्या पैशात येतं, आणि अर्धं माझ्या डब्यात होतंच.

डोळा बांधणं

सगळा कस या भागात आहे. एलडीआर नुसता काचेवर ठेवला तर तो अख्खी तबकडी बघतो, आणि एवढ्याशा काट्यानं त्याला काही फरक पडत नाही. म्हणून त्याला नळीतून बघायला लावायचं. हीट श्रिंकचा साधारण २५ मिलिमीटरचा तुकडा घ्या, एका टोकाला एलडीआर बसवून गरम करून आवळा. दुसऱ्या टोकाला काळ्या कार्डपेपरची टिकली चिकटवा आणि तिला २ मिलिमीटरचं भोक पाडा. मी गरम दाभणानं पाडलं. आता डोळा काचेखाली साधारण ५ मिलिमीटरचंच वर्तुळ बघतो. लिटरच्या गोलात काट्याचं टोक फिरतं त्या वाटेचा एक तुकडा, बस.

कुठला तुकडा? गोलाचा मध्य नाही. मध्यावर काट्याची गोल टोपी कायमच दिसते. आणि काही काट्यांना मागेही शेपटी असते. डोळा मध्याच्या जवळ असेल तर टोक एकदा आणि शेपटी एकदा, फेरीला दोन मोजण्या होतात. बाहेरच्या कडेला जा, जिथे फक्त टोक पोचतं.

जागा पक्की करायला ट्रेसिंग पेपर काचेवर ठेवून पेन्सिलनं लिटरचा गोल आणि काचेची कड उतरवून घ्या. तोच कागद झाकणावर उलटा-सुलटा न करता चिकटवा आणि तिथेच भोक पाडा. मी पहिल्यांदा कागद पालथा लावला आणि डोळा १०० लिटरच्या काट्यावर जाऊन बसला. दोन तास वाट बघितली, एकही पल्स नाही.

नळी झाकणाच्या भोकातून सरळ उभी येऊ दे. एलईडी मात्र तिरका, साधारण ४५ अंशात, त्याच ठिपक्याकडे रोखलेला. दोन्ही सरळ ठेवले तर काचेवरची चमक थेट डोळ्यात जाते आणि खालचा काटा त्या चमकेत बुडतो. झाकण आतून फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवा, चकाकणारा ऑइलपेंट नको.

चिकटवण्याबद्दल. फेविक्विक काचेच्या आसपासही नेऊ नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरट बुरशीसारखा थर येतो, तो जात नाही. हॉट ग्लूनं मी नळी बसवली होती. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ती मऊ पडली आणि डोळा हळूच मान खाली घालून बसला. आता नळी आणि एलईडी एम-सीलनं झाकणात पक्के केलेत. झाकण मीटरवर चिकटवलेलं नाही, सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी आवळलंय. कुणालाही कधीही काढून मीटर वाचता आला पाहिजे. आकडा झाकून ठेवणारं काही बसवलं तर सोसायटीची मीटिंग लागते, माझ्या अनुभवाचं आहे.

मग ऊन. दुपारी १ वाजता एलईडीची एक तार सोडा आणि बोर्डावर आकडा बघा (बोर्ड डोळ्याला दिसलेला उजेड ० ते १०२३ मध्ये सांगतो, उजेड जास्त तर आकडा जास्त). तो १० च्या खाली असला पाहिजे. जास्त असेल तर कुठूनतरी ऊन आत शिरतंय. झाकण आणि मीटर यांच्या फटीत ट्यूबची गोल कापलेली पट्टी गॅस्केटसारखी घातल्यावर माझा आकडा ३ वर आला. ही चाचणी रात्री करून काही उपयोग नाही.

तारा

एलईडीचं लांब पाय ४७० ओहममधून ५ व्होल्टला, आखूड पाय ग्राउंडला. हिरव्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, उरलेल्या दोनात चारेक मिलिॲम्पिअर वाहतात, तेवढे पुष्कळ. एलडीआरचं एक पाय ३.३ व्होल्टला, दुसरं बोर्डाच्या व्होल्टेज वाचणाऱ्या ए-शून्य पिनला, आणि त्याच पिनवरून ग्राउंडला स्थिर रेझिस्टर. एलडीआर ५ व्होल्टला जोडू नका, बोर्डाची ती पिन ३.३ च्या वर सोसत नाही.

स्थिर रेझिस्टर किती? डोळा जागेवर बसला, एलईडी पेटला की मल्टिमीटरनं नुसता एलडीआर मोजा. आधी काटा दूर असताना, मग काटा बरोबर खाली असताना. माझे आकडे आले ४० के आणि ७५ के. त्या दोघांच्या मधला रेझिस्टर घेतला की फरक सगळ्यात मोठा मिळतो, म्हणून ४७ के. तुमची नळी, काच, एलईडी वेगळे, तर तुमचा आकडाही वेगळा. इंटरनेटवरच्या चित्रात १० के असतो म्हणून १० के लावाल तर उगाच अर्धा फरक घालवाल.

हिशेबानं माझं पांढऱ्यावरचं वाचन ५५० च्या आसपास यायला हवं होतं, आलं ५२०. काट्यावर ३६०. नोडएमसीयूच्या त्या पिनवर आतच २२० के आणि १०० के असे दोन रेझिस्टर आधीपासून बसवलेले असतात, ते आपल्या ४७ के ला समांतर येतात. बिघाड नाही तो.

बोर्ड मी जिन्यावरच्या खोलीत, मीटरपासून सहा मीटरवर ठेवला, ऊन-पावसाच्या बाहेर. एवढ्या तारेवर लाइटचा गुणगुणाट चढतो, आकडा थरथरतो. ए-शून्य आणि ग्राउंड यांच्यात १ मायक्रोफॅरड टाकला की शांत. डाग देताना उघड्या तारांना स्लीव्ह चढवा. आपल्याकडे जुलैत चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे उघडा तांब्याचा जोड महिन्यात हिरवा होतो.

एक फेरी, एकच मोजणी

आता ती रडवणारी गोष्ट. मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं, आकडा ४४० च्या खाली गेला की एक लिटर वाढव. दिवसा झकास. सकाळी उठून बघते तर रात्री १ ते ५ या चार तासांत १,१२० लिटर! एवढं पाणी गेलं असतं तर जिन्यावरून गोदावरीच उतरली असती. सगळे झोपलेले, तोट्या बंद. मी म्हटलं, भूत मोजणी. सेन्सर चुकतोय.

आणि तो चुकतच होता. काटा अगदी हळू सरकत असेल तर त्याची कड डोळ्याखाली कितीतरी सेकंद रेंगाळते. तेव्हा आकडा ४३८, ४४२, ४३९, ४४१ असा लटपटतो आणि प्रत्येक लटपटीला एक लिटर. एकाच फेरीचे सहा-सात होतात.

उपाय, एकाऐवजी दोन उंबरठे. पांढरं ५२०, काटा ३६०, मध्ये १६० चं अंतर. त्याचा पाव भाग ४०. खालचा उंबरठा ३६० अधिक ४०, म्हणजे ४००. वरचा ५२० वजा ४०, म्हणजे ४८०. मग प्रोग्रॅमला मराठीत सांगायचं ते असं:

सुरुवातीला अवस्था ‘मोकळं’.
दर २० मिलिसेकंदांनी आकडा वाच.
अवस्था ‘मोकळं’ असेल आणि आकडा ४०० च्या खाली गेला, तर अवस्था ‘काटा’ कर आणि एक लिटर वाढव.
अवस्था ‘काटा’ असेल आणि आकडा ४८० च्या वर गेला, तर अवस्था ‘मोकळं’ कर. काही वाढवू नको.
मागच्या लिटरला एक सेकंदही झाला नसेल, तर हा लिटर धरू नको.

शेवटची ओळ का? कमाल प्रवाहालाही फेरीला १.२ सेकंद लागतात, त्यामुळे सेकंदाच्या आत दुसरा लिटर खरा असूच शकत नाही. ४०० आणि ४८० च्या मध्ये आकडा हवं तेवढं लटपटू दे, मोजणी हलत नाही. दिंडी दरवाज्यासारखं आहे. आत आलेला माणूस पलीकडे पूर्ण बाहेर पडल्याशिवाय पुन्हा ‘आत आला’ म्हणून मोजायचा नाही.

तयार मोड्यूल वापरत असाल तर एलएम ३९३ ला एकच उंबरठा असतो, म्हणून तिथे हे भूत हमखास येतं. मोड्यूलची डिजिटल पिन सोडा, ॲनालॉग पिन वापरा.

एक उरतंच. नळ झटकन बंद केला की पाणी पाइपात धडकतं आणि काटा जरासा मागे-पुढे लचकतो. तो नेमका डोळ्याखाली पूर्ण आत-बाहेर झाला तर एक लिटर जास्त पडतो. याला खरा इलाज म्हणजे गोलावर दोन डोळे, पाव फेरीच्या अंतरानं, म्हणजे दिशाही कळते. मला महिन्याला दोन-चार लिटरसाठी ते करावंसं वाटलं नाही.

भूत गेल्यावर उरलेलं

दोन उंबरठे घातले, रात्री झोपले. सकाळी १ ते ५ चा आकडा १,१२० वरून १६० वर आला. आणि इथे मी दुसरा रविवार घालवला, कारण मला तोही भूतच वाटला. उंबरठे पुन्हा हलवले, कपॅसिटर बदलला, वायर बदलली. १६०. दुसऱ्या रात्री १६०. तिसऱ्या रात्री १५९.

भूत इतकं वक्तशीर नसतं. शेवटी रात्री दोनला टॉर्च घेऊन वर गेले, झाकण काढलं आणि घड्याळ लावून काट्याकडे बघत बसले. दर दीड मिनिटाला एक फेरी. तासाला ४० लिटर, दिवसाला ९६० लिटर, महिन्याला जवळजवळ २९ घनमीटर. घरातले १६ मिळवा, ४५. मीटर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, आणि आमच्या भांड्यांवर बसलेला आळ फुकटचा होता.

गळत होती फ्लशची टाकी. तिच्यात खायचा रंग टाकला आणि फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबले. भांड्यात लाल धार उतरलेली. टाकीतल्या व्हॉल्व्हचं रबर कडक झालं होतं, ते बदललं. ती धार इतकी पातळ की कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही.

मात्र एक ध्यानात ठेवा. डोळा मीटरपेक्षा हुशार होऊ शकत नाही. बी वर्गाच्या (हा अचूकतेचा दर्जा) १५ मिलिमीटर मीटरचा किमान प्रवाह तासाला ३० लिटरचा. त्याखाली त्याच्या अचूकतेची हमी नाही, आणि अगदी टपटप गळणाऱ्या तोटीनं तर आतली पंखीच हलत नाही. रात्रीचा आकडा शून्य आला म्हणजे घरात कुठेच गळती नाही, असं समजू नका.

तपासणी

आधी डोळा काट्याशी जुळवा. एक तोटी उघडा, झाकण जरा तिरपं करून बाजूच्या १० लिटरच्या काट्याकडे बघा, आणि त्याच्या दोन फेऱ्यांत बोर्डावर २० वाढले का ते पाहा. तोटी पूर्ण उघडून एकदा आणि पेन्सिलीएवढी धार ठेवून एकदा. बारीक धारेची चाचणी टाळू नका, चूक तिथेच लपते.

मग हौस असेल तर मीटर वजनाशी जुळवा. मी लटकवायचा डिजिटल काटा आणि बादली घेऊन पाच खेपा केल्या. मीटरवर १०० लिटर झाले तेव्हा पाणी भरलं ९८.६ किलो. गच्चीच्या टाकीतलं पाणी कोमट असतं, त्याचा लिटर ०.९९६ किलोचा, म्हणजे ९९ लिटर. मीटर एक टक्का जास्त दाखवतो. नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्क्यांपर्यंत सूट असते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. सासूबाईंना हा एक टक्का मी सांगितलेला नाही.

महापालिकेच्या लाइनवर, टाकीच्या आधी मीटर असेल तर आणखी एक भानगड असते. पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला की पाइपातली हवा आधी येते आणि मीटर तिच्यावरही फिरतो. डोळा तेही इमानेइतबारे मोजतो. पाणी येण्याच्या पहिल्या काही मिनिटांचे पल्स वेगळे दिसतील, फार जवळजवळ. गच्चीच्या टाकीखालच्या मीटरला हा त्रास सहसा नाही.

लाइट जाते तेव्हा

बोर्ड बंद पडला की मोजणी पुसली जाऊ नये म्हणून आकडा त्याच्या मेमरीत लिहावा लागतो. प्रत्येक लिटरला लिहू नका. अशा मेमरीची एकेक जागा साधारण लाखभर वेळा लिहिली की भरवशाची राहत नाही, काहींची त्याच्याही आधी. दिवसाला ५०० लिटर धरले तर लाख व्हायला २०० दिवस पुरतात. तासाला एकदा लिहिलं तर अकरा वर्षं. मी तासाला लिहिते, आणि वायफायवरून तासाचा आकडा जुन्या मोबाईलवर पाठवते. चार्टबिर्ट मुलानं करून दिलाय, मला वहीतला रकाना पुरतो.

पावसाळ्यात काचेला आतून धुकं धरतं अशा मीटरवर हा डोळा आंधळा होतो. तबकडी पूर्ण बंद डबीत असलेल्या मीटरला ते होत नाही. आमच्या बारापैकी तीन मीटर धुकं धरणारे आहेत. त्यातल्या एका फ्लॅटसाठी मी वेगळं करून बघतेय. ज्या मीटरमध्ये पंखीची चाल चुंबकानं वर तबकडीला पोचते, तिथे बाहेरून क्यूएमसी ५८८३ सारखा होकायंत्राचा सेन्सर टेकवला की आतलं फिरणारं चुंबक जाणवतं. काच, धुकं, रंग कशाचाच संबंध नाही. पण मीटरभोवती चुंबकरोधक कडं असेल तर सिग्नल फार क्षीण येतो, आणि एक फेरी म्हणजे किती पाणी हे बादलीनंच काढावं लागतं. त्या नादात मीटरजवळ मोठं चुंबक नेऊ नका. आतल्या चुंबकांची जोडी सुटते, मीटर अडखळतो, आणि पाणी चोरायला लोक नेमकं तेच करतात. गच्चीवर हातात चुंबक घेऊन सापडलात तर सेन्सरची गोष्ट कुणी ऐकून घेणार नाही.

एक तारखेला मी अजूनही वर जाते. वहीत आता दोन रकाने आहेत, एक मीटरचा, एक डोळ्याचा. मागच्या महिन्यात मीटर म्हणाला १६.४३, डोळा म्हणाला १६.४१. वीस लिटर कमी. तारीख शोधली तर सापडली. एका संध्याकाळी चाळीस मिनिटं लाइट गेली होती, आणि सासूबाई अंधारात ओटा धुत होत्या.